लटकलेला छत्रीवाला

आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांची मला काळजी नाही. ते जिथे असतील तिथे पाय पसरून झोपले असतील. मला काळजी लागून राहिली होती ती कासाहेईची, आणि तो तर कागदावरचा माणूस.

गावोगाव हिंडून मोडक्या छत्र्या दुरुस्त करायच्या आणि जाता जाता गरिबाला नाडणाऱ्यांची हाडं नरम करायची, हा कासाहेईचा धंदा. सोबत मामे नावाचं आखूड शेपटीचं कुत्रं. आमच्या ह्यांनी ही चित्रकथा सहा वर्षं एका पाक्षिकात काढली. मग एका भागाच्या शेवटी त्यांनी कासाहेईला कड्यावरून ढकललं. एका हातात पाइनची फांदी, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री, खाली फेसाळती नदी आणि वर तलवारी उपसलेले सात जण. खाली लिहिलं, ‘पुढील अंकी’. त्याच आठवड्यात पाक्षिक बंद पडलं.

पंचेचाळीस वर्षं तो तसाच लटकलेला आहे.

ह्यांनी त्यानंतर चित्रकथेच्या कागदाला हात लावला नाही. सार्वजनिक न्हाणीघरांच्या भिंतींवर फुजी डोंगर रंगवून त्यांनी आमची पोटं भरली. मी दर नवीन वर्षाला विचारायची, "अहो, तो सुटला कसा?" हे म्हणायचे, "लटकू दे. तिथे हवा चांगली आहे." एकदा मीच उपाय सांगितला, तर पोट धरून हसले. "तोकु, एवढं सोपं असतं तर बायकांनीच कथा लिहिल्या असत्या!" त्या दिवशी त्यांना रात्रीच्या जेवणात नुसता भात आणि मुळ्याचं लोणचं मिळालं.

मी शिकलेली नाही हे आमच्या सगळ्या कावागोए गावाला ठाऊक आहे. सहावीत होते तेव्हा धाकटी भावंडं पाठीवर बांधायला मला शाळेतून काढलं. अवघड चिनी अक्षरं पाहिली की अजून माझ्या डोळ्यांपुढे काड्यांची मोळी येते. पण चित्रकथेत त्या प्रत्येक मोळीच्या बाजूला सोपी बारीक अक्षरं छापतात, म्हणून चित्रकथा मी घडाघडा वाचते. कासाहेईचं प्रत्येक पान छापायला जाण्याआधी मी वाचलंय. त्यातली चहावाली ओशिगे, जी येणाऱ्या-जाणाऱ्याला फाडून खाते, ती ह्यांनी कोणावरून काढली हे मी सांगायला नको.

तर मागच्या वर्षी आमच्या सूनबाईच्या शिलाई मशीनच्या खणात मी सुई शोधत होते. बॉबिनच्या खाली दोन पातळ पुस्तकं निघाली. वर कासाहेई! माझ्या हातातला सुयांचा डबा पडला. आत उघडून पाहते तर कथा तिथूनच पुढे, कड्यावरून. काढणारीचं नाव होतं ‘ओली चप्पल’.

"मिसातो!" मी हाक मारली. "हे काय आहे?"

सूनबाई दारात येऊन लाल झाली. "आई, ते... हौशी लोक काढतात ना, आपल्या आवडीच्या पात्रांवर... स्वतःच छापतात, स्वतःच टेबल मांडून विकतात. त्यांची जत्रा भरते, तिथे मी गेले होते. तुम्हाला राग येईल म्हणून—"

"राग आलाय. दुसरा भाग वर आणि पहिला खाली का ठेवलास? मी आधी दुसराच वाचला!"

त्या ओल्या चपलेचा हात मात्र असा काही चालतो की ह्यांनी बघितला असता तर त्यांना जेवण गेलं नसतं. पहिल्या भागात वरचे सात जण एकमेकांशी भांडतात. दुसऱ्यात मामे धावत ओशिगेला बोलवायला जातं. आणि शेवटच्या पानावर लिहिलेलं, ‘तिसरा आणि अखेरचा भाग नोव्हेंबरच्या जत्रेत’. म्हणजे कासाहेई सुटणार होता. मी शहात्तर वर्षांची आहे. डॉक्टरला सांगून ठेवलं, नोव्हेंबरपर्यंत मला काही झालेलं चालणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी कुरामोचि आला.

हा कुरामोचि प्रकाशनाचा माणूस. त्या पाक्षिकात नोकरीला होता आणि ते बंद पडल्याची बातमी घेऊन आमच्या दारात रडत उभा राहिलेला हाच. आता निवृत्त झालाय, पण घरी बायको बसू देत नाही म्हणून ऑफिसात जाऊन बसतो. ह्यांच्या पुस्तकांचे हक्क माझ्या नावावर, कागदपत्रं तो बघतो. बसला, चहा घेतला, हवापाण्याचं बोलला आणि बॅगेतून एक पाकीट काढून असं टेबलावर ठेवलं जसं काही आत जिवंत खेकडा आहे.

"वहिनी, एका मुलीचं पत्र आहे. तुमच्यासाठी. ऑफिसच्या पत्त्यावर आलं."

मी उघडलं. दोन पानं. सुरेख अक्षर, आणि प्रत्येक अवघड अक्षराच्या बाजूला बारीक सोपी अक्षरं, मुंगीच्या पावलांसारखी. खाली कोपऱ्यात मामेचं चित्र, शेपटी हलवणारं. पोरीने लिहिलं होतं की मधला भाग मी आगाऊपणाने काढला, पण शेवट हा गुरुजींचा. विचारल्याशिवाय शेवट करण्याचं माझं धाडस नाही. परवानगी द्याल का? नाही म्हणालात तर मी तिथेच थांबेन.

मी मनात कपाळाला हात लावला. विचारलं? विचारायचं असतं होय? आमच्याकडे हा सगळा कारभार डोळ्यांवर कातडं ओढून चालतो. काढणारे काढतात, वाचणारे वाचतात, आणि ज्यांची पात्रं असतात ते खिडकीबाहेर बघतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आणि ही शहाणी पोर उठून सरळ दार वाजवते!

"अक्षरं किती अवघड," मी पत्र लांब धरून म्हटलं. "मला काय कळतंय त्यात."

"बाजूला बारीक अक्षरं दिलीयत, वहिनी."

"चष्मा नाही."

"डोळ्यांवर आहे."

मी चष्मा काढून डबीत ठेवला. "आता नाही."

कुरामोचिने सुस्कारा सोडला. "हे बघा. तुम्ही हो म्हणालात तर ऑफिसला करार करावा लागेल. मग ते पान न्‌ पान तपासणार, शिक्के मारणार, दोन वर्षं घालवणार आणि शेवटी कुत्र्याची शेपटी बदला म्हणून सांगणार. तुम्ही नाही म्हणालात तर मुलगी थांबली. आणि पत्र वाचलं तर तिसरं उत्तर नाही. कशाला विचारलं हो हिने? मीसुद्धा अर्धंच वाचून डोळे मिटले."

"तुला काय वाटतं, तो सुटावा की लटकावा?"

तो चहाच्या कपात बघत राहिला. "मला कसलं मत असणार. मी ऑफिसचा माणूस."

चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, माझी रताळी भाजून झाली होती. कावागोएत ऑक्टोबरात कोणाच्या घरून रताळ्याशिवाय जाता येत नाही. मी तीन चांगली जाड रताळी उचलली, ते पत्र टेबलावर पसरलं, मामेचा कोपरा तेवढा फाडून चष्म्याच्या डबीत टाकला आणि उरलेल्या कागदात रताळी गुंडाळली.

"वहिनी!"

"काय?"

"हा तो... कागद..."

"कसला कागद? गाडीत खा, गरम आहेत. साल फेकशील तेव्हा कागदही फेक. रताळ्यांचं लोणी लागलेलं असेल त्याला."

कुरामोचि एकदा रताळ्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग दोन्ही हातांनी पुडी घेतली आणि वाकून नमस्कार केला, मी त्याला एखादी पदवी दिल्यासारखा. "ऑफिसात विचारलं तर काय सांगू?"

"खरं सांग. म्हणावं, म्हातारीने रताळी दिली."

मला वाटलं, मिटलं. माझी अक्कल तेवढीच.

नोव्हेंबरात जत्रेच्या दिवशी मी सूनबाईला घेऊन समुद्राकाठच्या त्या अवाढव्य इमारतीत गेले. हजारो टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक दोन जण, पुढे आपापली पुस्तकं. दहा वाजता जत्रा सुरू झाल्याचं कर्ण्यावरून सांगितलं तसे सगळे एकदम टाळ्या वाजवायला लागले. कोणासाठी? कोणासाठीच नाही, सगळे सगळ्यांसाठी. मीही वाजवल्या. मिसातोने आधीच बजावलं होतं, "आई, इथे कोणाला खरं नाव विचारायचं नाही. आणि मी गिऱ्हाईक आहे असं वागायचं नाही. इथे गिऱ्हाईक कोणी नसतं, सगळे सहभागी."

"मला वागायला शिकवतेस?"

"हो," ती म्हणाली. अलीकडे धीट झालीय.

ओल्या चपलेचं टेबल सापडलं. मागे पंचविशीची एक बारकी मुलगी, केस कानामागे, नखांना शाई. टेबलावर पहिला आणि दुसरा भाग. तिसऱ्याच्या जागी एक पाटी. मी चष्मा लावला आणि बारीक अक्षरं वाचली. ‘तिसरा भाग आज मिळणार नाही. हक्कदारांच्या उत्तराची वाट पाहत आहे. क्षमस्व.’

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी टेबलाखाली वाकले. तिथे छापखान्याची खाकी पट्टी लावलेला भला मोठा खोका! न फोडलेला!

"हे काय आहे खोक्यात?" मी विचारलं.

"तिसरा भाग, आजी," मुलगी मान खाली घालून म्हणाली. "छापून आलाय. पण उत्तर आलेलं नाही."

"मग?"

"मग उघडता येणार नाही."

शेजारच्या टेबलावर कांद्याची पात नावाचा एक टकला गृहस्थ बसला होता. तो फक्त जुन्या रेल्वे स्टेशनांच्या बाकांची चित्रं काढतो आणि तीच पुस्तकं करतो. तो म्हणाला, "सकाळपासून सांगतोय मी, चपलाताई, असं कोणी विचारतं का? मी वीस वर्षं बाकं काढतोय, एका स्टेशनमास्तरला विचारलं नाही."

"बाकाला शेवट नसतो, पातसाहेब," मुलगी म्हणाली. "कथेला असतो. तो दुसऱ्याचा आहे."

हे ऐकून मला तिचा इतका राग आला आणि इतकी ती आवडली की काय करावं कळेना. मी आवाज खाली आणला. "हे बघ पोरी. मी कावागोएची. कासाहेई काढणाऱ्या नेगोरोंची म्हातारी माझ्या ओळखीची आहे. कजाग बाई. तिला वाचता येत नाही. तुझ्या पत्राचं ती काय उत्तर देणार?"

"पण मी बारीक अक्षरं दिली होती," मुलगी म्हणाली. "गुरुजींनी दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय ना, माझी बायको पहिली वाचते, तिला अडू नये म्हणून मी एकही अक्षर उघडं सोडत नाही. म्हणून मीही एकही सोडलं नाही."

हे असं कुठे लिहिलंय ते मला ठाऊकच नव्हतं. ह्यांनी मला ती शेवटची पानं कधी दाखवली नाहीत. म्हणायचे, त्यात चित्रं नाहीत, तुला कंटाळा येईल. मी जरा वेळ गप्प राहिले. सूनबाई माझ्याकडे बघायला लागली, कारण मी गप्प राहिले की घरात लोक डॉक्टरला फोन करतात.

"तिने वाचलंच नाही," मी पुन्हा नेट लावला. "तिने त्या कागदात रताळी बांधली. माझ्या डोळ्यांदेखत."

मुलीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "म्हणजे त्यांना माहीतच नाही? मग सोपं आहे! मी आजच कावागोएला जाते आणि त्यांना समोर बसून वाचून दाखवते!" आणि ती उठून टेबलावरचं कापड आवरायला लागली.

"अगं थांब!"

"दोनची गाडी मिळेल मला, आजी."

"ती घरी नाही!"

"कुठे गेल्यात?"

"ती... पुस्तक घ्यायला गेलीय बाहेर! आणि मिळालं नाही तर घरी येऊन सगळ्यांचं डोकं खाणार आहे! गेली पंचेचाळीस वर्षं खातेय!" रागाच्या भरात मी चष्मा ओढून काढला आणि डबी उघडली.

डबीतून कागदाचा कपटा उडाला आणि गिरक्या घेत दुसऱ्या भागाच्या मुखपृष्ठावर जाऊन पडला. शेपटी हलवणारं मामे. वर रताळ्याचा एक डाग.

मिसातोने छताकडे बघितलं. कांद्याची पात आपल्या बाकांच्या पुस्तकांचा गठ्ठा सरळ करायला लागला, जो आधीच सरळ होता. मुलगी कपट्याकडे बघत होती. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, माझ्या कमरेवर ठेवलेल्या हाताकडे, आणि पुन्हा तोंडाकडे. ओशिगे गेली दोन वर्षं तिच्या पेनातून उतरत होती. आता ती समोर उभी राहून ओरडत होती. पोरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"चष्मा पुसायचा कागद आहे," मी म्हटलं.

तिचा हात कापडावर तसाच थांबला होता. मला वाटलं, आता ही वाकणार, गुरुपत्नी म्हणणार, रडणार, आणि सगळा सत्यानाश होणार. कारण तिने मला ओळखलं असं म्हटलं की मला माहीत झालं. मला माहीत झालं की मला उत्तर द्यावं लागणार. उत्तर दिलं की करार आणि शिक्के आणि कुत्र्याची शेपटी. माझ्या वयात दोन वर्षं म्हणजे काय असतात ते ऑफिसच्या लोकांना कोण सांगणार?

मुलीने कपटा उचलला, वरची धूळ फुंकली आणि दोन्ही हातांनी मला परत दिला.

"आजी, तुमचा चष्मा पुसायचा कागद," ती म्हणाली. "आणि ते पत्राचं म्हणाल, तर माझा काहीतरी गोंधळ झालाय. मी कोणालाच पत्र पाठवलेलं नाही."

"नाही ना?"

"नाही. आज सकाळी पाटी लिहिताना मी अर्धवट झोपेत होते."

"तुमच्या वयात झोप पुरत नाही," मी म्हटलं.

कांद्याच्या पातीने स्वतःहून कात्री पुढे केली. मुलीने पाटी उलटी केली, खोका वर ओढला आणि खाकी पट्टीवर एक लांब चीर मारली. नव्या शाईचा वास आला. ह्यांच्या टेबलाशी यायचा तसा नाही, पण त्याच घरातला.

"नवीन भागाची एक प्रत द्या," मी रीतीप्रमाणे म्हटलं आणि पाचशे येनचं नाणं ठेवलं. मग पिशवीतून भाजलेली रताळी काढली. "आणि हे, तोंडात टाकायला. या वेळेस वर्तमानपत्रात बांधलीयत."

मुलीने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि इतकी खाली वाकली की तिचं कपाळ टेबलाला टेकलं. इथे सगळ्यांसाठीच वाकतात. त्यामुळे त्याचा कोणी काही अर्थ लावू शकत नाही.

मी वळले तर मागे रांग लागली होती. माझ्या अगदी मागे एक म्हातारा, नाकापर्यंत मास्कची पट्टी, भुवयांपर्यंत टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. हातात नाणी मोजून तयार. बॅग मात्र मी तीस वर्षं ओळखते.

"काय हो," मी म्हटलं, "पहिल्यांदाच येताय जत्रेला?"

"पहिल्यांदाच," तो पट्टीच्या आतून म्हणाला. "वाट चुकून आलो."

"किती प्रती घेणार?"

"तीन."

"वाट चुकलेल्या माणसाला पुष्कळ झाल्या."

"माझ्या ऑफिसात एक जण आहे," तो म्हणाला. "त्याला कसलंच मत नाही. त्याच्यासाठी."

त्यालाही मी एक रताळं दिलं. अनोळखी माणसाला आपण नाही विचारायचं तर कोणी?

बाहेर पायऱ्यांवर समुद्राचा वारा होता. सूनबाईने माझ्या खाली तिची शाल अंथरली आणि मी वाचायला बसले. ती माझ्या खांद्यावरून डोकावत होती, मी तिला मुद्दाम पान उलटताना थांबवत होते.

सात जण वर भांडतायत. फांदी कडकड वाजतेय. मामेच्या मागून ओशिगे धापा टाकत येते, बाह्या वर बांधून कड्याच्या टोकाशी उभी राहते आणि खाली बघते. सगळे वाचक श्वास रोखून बसलेत की ही आता दोर टाकणार. दोर कसला? अख्खं एक पान ती त्याला शिव्या देते. आळशी, मुखदुर्बळ, उधारीवर चहा पिणारा. आणि मग म्हणते, ‘अरे छत्र्यांचा वैद्य म्हणवतोस ना? मग हातात काय आहे तुझ्या? उघड ती!’

कासाहेई छत्री उघडतो. वारा भरतो. आणि दोन पानांच्या मोठ्या चित्रात तो नदीवरून तरंगत पलीकडे जातो, वर सात जण आ वासून उभे.

मी पुस्तक मिटलं.

"आई? काय झालं? रडताय का?"

"रडतेय कशाला? हे मी सांगितलं होतं! त्याच वर्षी सांगितलं होतं मी ह्यांना, त्याला छत्री उघडायला सांगा म्हणून! हसले होते मला!"

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी मी पुस्तक देवघरात ह्यांच्या फोटोसमोर ठेवलं, बरोबर त्या पानावर उघडून. उदबत्ती लावली, घंटा वाजवली. "वाचा," म्हटलं. "बायकांनी लिहिलंय." त्या दिवशी त्यांच्यासमोर भात आणि मुळ्याचं लोणचंच ठेवलं, पण भाताची वाटी शिगोशीग भरली.

एक सांगायचं राहिलं. ओशिगेचं नाक त्या पोरीने जरा जाड काढलंय. इतकं जाड ते कधीच नव्हतं. पत्र लिहून कळवलं असतं, पण लिहिणार कोणाला? मी तिला ओळखत नाही.